हेलिओस ४४-२ : जुनी सोव्हिएत लेन्स आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर

हेलिओस ४४-२ घ्यायचा विचार असेल तर आधी स्वतःच्या कॅमेऱ्याचा सेन्सर बघा, लेन्सचं नंतर. कॅमेरा फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) असेल आणि माणसांचे फोटो काढायची आवड असेल, तर ५८ मिमी एफ/२ची ही लेन्स आजही घेण्यासारखी आहे. एपीएस-सी (त्याहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ती ८७ मिमीसारखी दिसणारी, थोडी मऊ पोर्ट्रेट लेन्स होते. वाईट नाही. पण ज्या गरगरत्या पार्श्वभूमीसाठी लोक हेलिओस शोधत फिरतात, ती चित्राच्या कडांना असते आणि छोटा सेन्सर नेमक्या त्याच कडा कापून टाकतो. लेन्स घरी आल्यावर होणारी निराशा बहुतेक वेळा इथून सुरू होते.

हिची मूळ रचना जर्मन. त्साइसच्या विली मेर्टे यांनी १९२७ मध्ये बायोटार ही रचना केली आणि १९३० च्या दशकात तिचं ५८ मिमी एफ/२ रूप एक्झाक्टा कॅमेऱ्यांसाठी आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ती सोव्हिएत कारखान्यांच्या हाती गेली आणि त्यातून हेलिओस ४४ घडली. चार गटांत सहा काचा, त्यातल्या मधल्या चार काचा दोन-दोन चिकटवून केलेल्या जोड्या. ४४-२ ही झेनिट कॅमेऱ्यांसोबत मिळायची आणि मॉस्कोजवळचं क्रास्नोगोर्स्क, मिन्स्क आणि वालदाय अशा तीन ठिकाणी तयार व्हायची. पुढच्या पट्टीवर किरण आरपार गेलेल्या प्रिझमचं चिन्ह असेल तर ती क्रास्नोगोर्स्कची. अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा वर्ष सांगतात, म्हणजे ७८ने सुरू होणारा क्रमांक १९७८चा. कारखान्यावरून किंमत ठरवणारे विक्रेते भेटतील, पण चाळीस-पन्नास वर्षं जुन्या लेन्समध्ये कारखान्यापेक्षा ती कुठे आणि कशी ठेवली होती यानेच जास्त फरक पडतो. दमट कपाटात पडून असलेल्या क्रास्नोगोर्स्कच्या नगापेक्षा कोरड्या जागी राहिलेला वालदायचा नग केव्हाही बरा.

हातात घेतल्यावर ती ठोस वाटते. धातूचं अंग, वजन सुमारे २३० ग्रॅम, पुढे ४९ मिमीच्या फिल्टरचे आटे. जवळात जवळ अर्ध्या मीटरवर फोकस होतो. फोकस रिंग बरीच फिरवावी लागते. पळत्या मुलामागे हे जाचक होतं, स्थिर बसलेल्या माणसाच्या पापणीवर फोकस नेताना मात्र हाच लांब फेरा उपयोगी पडतो.

अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा नवख्याला गोंधळात टाकतात. प्रकाश आत सोडणारं भोक लहान-मोठं करणारी पाती त्यांच्या ताब्यात असतात. पुढच्या रिंगेवर २ ते १६ आकडे आहेत आणि ती टकटक आवाज करत थांबते. ती फिरवून पाती हलत नाहीत, फक्त मर्यादा ठरते. तिच्या मागची रिंग आवाज न करता फिरते आणि पाती खरोखर उघडते-मिटते, पण पुढच्या रिंगेने घातलेल्या मर्यादेपर्यंतच. समजा एफ/४वर फोटो काढायचा आहे. पुढची रिंग ४वर ठेवा, मागची पूर्ण उघडी ठेवून एफ/२वर फोकस करा, मग मागची अडेपर्यंत फिरवा आणि शटर दाबा. आकडा बघावा लागत नाही, डोळा व्ह्यूफाइंडरवरून हलत नाही. ‘अ‍ॅपर्चर फिरतच नाही, लेन्स बिघडली’ अशी तक्रार असेल तर बहुतेकदा पुढची रिंग २वर असते, म्हणजे मागच्या रिंगेला फिरायला जागाच नसते. व्हिडिओ करणाऱ्यांना यात आयता फायदा आहे. पुढची रिंग १६वर ठेवली की मागच्या रिंगेने एफ/२ ते एफ/१६ पर्यंत विनाआवाज, विनाझटका जाता येतं. अशी सोय नव्या लेन्समध्ये वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते.

आता अ‍ॅडॉप्टर. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणारी ही जोडरिंग. लेन्स निवडताना लोक आठवडा घालवतात आणि अ‍ॅडॉप्टर मात्र समोर दिसेल तो उचलतात, हे उलटं आहे. हेलिओस ४४-२ची बैठक (माउंट) एम४२ आहे, म्हणजे ४२ मिमी व्यासाचे, १ मिमी अंतराचे आटे. लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी. सोनी ई माउंटचं तेच अंतर १८ मिमी आहे, म्हणून तिथे अ‍ॅडॉप्टरची जाडी २७.४६ मिमी लागते. निकॉन झेडचं १६ मिमी, म्हणजे अ‍ॅडॉप्टर २९.४६. कॅनन आरएफचं २० मिमी, म्हणजे २५.४६. फुजी एक्सचं १७.७ मिमी, म्हणजे २७.७६. काच नको, वायर नको, चिप नको. फक्त नेमक्या जाडीची, सरळ कापलेली धातूची नळी हवी.

‘नेमक्या’ या शब्दाला इथे फार वजन आहे. अ‍ॅडॉप्टर ०.१ मिमी जास्त जाड निघाला, म्हणजे झेरॉक्सच्या साध्या कागदाच्या एका पानाएवढा, तर ५८ मिमीची लेन्स साधारण ३४ मीटरच्या पुढे फोकसच होत नाही. डोंगर, चंद्र, रस्त्यापलीकडची इमारत सगळं किंचित मऊ येतं आणि दोष लेन्सच्या माथी जातो. म्हणून बरेच उत्पादक अ‍ॅडॉप्टर मुद्दाम थोडे पातळ करतात. मग लेन्सवरच्या अनंताच्या (खूप दूरचं स्पष्ट येण्याच्या) खुणेच्या जरा अलीकडेच अनंत येतं. ते चालतं. फक्त रिंग शेवटपर्यंत फिरवून ‘अनंत झालं’ असं धरून चालू नका, पडद्यावर मोठं करून बघा. तपासणी सोपी आहे: अ‍ॅपर्चर २वर, दूरचा मोबाइल टॉवर किंवा चंद्र, पडद्यावर दहापट मोठं. रिंग शेवटाकडे नेताना चित्र आधी टोकदार होऊन मग पुन्हा किंचित मऊ झालं तर जाडी ठीक आहे. रिंग टोकाला अडली आणि चित्र अजून मऊच आहे, तर अ‍ॅडॉप्टर जाड आहे किंवा लेन्स कुणीतरी उघडून चुकीची जोडली आहे. कोणता दोष खरा ते दुसरी एखादी एम४२ लेन्स लावली की कळतं.

दुसरी गोष्ट अ‍ॅडॉप्टरच्या आतली भिंत. स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये ती चकचकीत असते. सेन्सरकडे जाणारा प्रकाश तिच्यावरून परततो आणि चित्राच्या मधोमध फिकट धुरकट डाग येतो. आत मखमली काळा चिकट कागद लावला की हा दोष जातो. कडा नीट दाबून बसवा, कारण उन्हात गाडीत राहिलेला कॅमेरा तापला की गोंद सैल होतो आणि सुटलेला कागद थेट शटरसमोर येतो.

लेन्स पूर्ण बसवल्यावर आकडे वर न येता बाजूला किंवा खाली येत असतील तर लेन्समध्ये दोष नाही, आट्यांची सुरुवात वेगळ्या जागी आहे एवढंच. चांगल्या अ‍ॅडॉप्टरच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात. ते अर्धा फेरा ढिले करा, लेन्ससकट आतली रिंग फिरवून खूण वर आणा, पुन्हा घट्ट करा. अति जोर लावला तर स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग ते निघत नाहीत.

हेलिओसच्या काही जुन्या प्रती एम३९ आट्यांच्या आहेत. त्यांना ३९ ते ४२ ची पातळ रिंग लावून एम४२ अ‍ॅडॉप्टर चालतो. लायकासाठीचा एम३९ अ‍ॅडॉप्टर मात्र घेऊ नका. आटे तसेच दिसतात, लेन्स बसतेही, पण त्या पद्धतीत अंतर २८.८ मिमी धरलेलं असतं, त्यामुळे लेन्स सेन्सरच्या फार जवळ बसते आणि दूरचं सोडाच, जवळचंही काही स्पष्ट होत नाही.

कॅमेऱ्यात एकदाच करायच्या दोन-तीन गोष्टी आहेत. लेन्सशी विजेचा संपर्क नसल्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं की लेन्सच लावलेली नाही आणि शटर चालत नाही. सोनीत ‘रिलीज विदाउट लेन्स’, फुजीत ‘शूट विदाउट लेन्स’, कॅननमध्ये ‘रिलीज शटर विदाउट लेन्स’ हा पर्याय चालू करा. सेन्सर हलवून थरथर कमी करणारी यंत्रणा असेल तर तिथे लांबी हाताने ५८ भरा. एपीएस-सी कॅमेऱ्यावरही ५८च, ८७ नाही. सेन्सर केवढा आहे ते कॅमेऱ्याला आधीच ठाऊक असतं; ८७ भरलं तर तो गरजेपेक्षा जास्त भरपाई करतो आणि चित्र उलट हलतं. निकॉन झेडमध्ये हेच ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’त भरायचं. मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी ठेवा, ऑटो आयएसओत शटरची किमान मर्यादा १/१२५ ठेवा. एक्स्पोजर कॅमेरा बरोबर काढतो, कारण पात्यांतून येणारा प्रकाश तो थेट मोजत असतो. अ‍ॅपर्चरचा आकडा मात्र फोटोसोबत नोंदला जात नाही. तुलना करायची असेल तर वहीत लिहून ठेवा.

फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणाऱ्या सोयीवर) एफ/२ला भरवसा ठेवू नका. एक मीटरवर या लेन्सची स्पष्टतेची खोली फुल फ्रेमवर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते, अर्ध्या मीटरवर आठ मिलिमीटर, दोन मीटरवर चौदा सेंटिमीटरच्या आसपास. पीकिंगच्या रंगीत रेषा याहून रुंद पट्ट्यावर उमटतात, म्हणून नाक, डोळा आणि कान तिघेही ‘फोकसमध्ये’ दिसतात आणि घरी आल्यावर भुवई तेवढी टोकदार निघते. चित्र मोठं करून बघण्याची सुविधा एखाद्या हाताजवळच्या बटणावर ठेवा, जवळच्या डोळ्याच्या पापण्यांवर मोठं करा, रिंग थोडी पुढे, थोडी मागे, मग मधे थांबा. लगेच दाबा, श्वासाबरोबर माणूस दोन सेंटिमीटर सहज हलतो. चार-पाच फोटो सलग घेतले की एक तरी बरोबर येतो. एफ/४पासून पुढे पीकिंग कामाला येतं, त्याची पातळी ‘लो’वर ठेवा. डीएसएलआर वापरणाऱ्यांनी व्ह्यूफाइंडरमधून एफ/२ला फोकस करू नये. आजचे पडदे उजळ असतात, पण एफ/२ची खरी उथळ खोली दाखवत नाहीत. लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करूनच बघा.

आता तो भोवरा, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली गरगरती पार्श्वभूमी. चित्राच्या मध्यापासून कडेकडे जाताना लेन्सच्या नळीची पुढची आणि मागची कड तिरक्या प्रकाशाचा काही भाग अडवतात. त्यामुळे मधे गोल दिसणारा धूसर ठिपका कडेला मांजराच्या डोळ्यासारखा निमुळता होतो. त्यात या रचनेत दुरुस्त न झालेली तिरक्या किरणांची दृष्टिविषमता (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) मिसळते, आणि असे सगळे निमुळते ठिपके मध्याभोवती फेर धरल्यासारखे लागतात. याचा अर्थ भोवरा दिसायला ठिपके लागतात. साध्या भिंतीसमोर काहीच होत नाही. पिंपळाच्या किंवा चिंचेच्या पानांतून झिरपणारं आकाश, दिवाळीतली दिव्यांची माळ, पावसानंतर चमकणारं कुंपण अशी पार्श्वभूमी हवी.

अंतर त्याहून महत्त्वाचं. माणूस एक ते दीड मीटरवर आणि पानं त्याच्या मागे चार ते सहा मीटरवर असली तर भोवरा सगळ्यांत ठळक येतो. माणूस अर्ध्या मीटरवर आणला की पार्श्वभूमी इतकी विरघळते की आकारच उरत नाही. माणूस चार-पाच मीटरवर गेला की पार्श्वभूमी पुरेशी धूसर होत नाही आणि पानं नुसती गिजबिजलेली दिसतात. अ‍ॅपर्चर २ हवं. २.८ला परिणाम निम्म्यावर येतो, ४ला जवळजवळ संपतो. चेहरा चित्राच्या मध्याजवळ ठेवा. तिसऱ्या भागाच्या नियमाने कडेला नेलेला चेहरा एफ/२ला ओढल्यासारखा होतो, आणि ते सुंदर दिसत नाही. भोवरा हा प्रत्येक फोटोत घालायचा मसाला नाही. शंभर फोटोंच्या अल्बमात असे पाच असले तर लक्षात राहतात.

एपीएस-सीवर हा परिणाम परत मिळवायचा एक मार्ग आहे, फोकल रिड्यूसर. हा काच असलेला अ‍ॅडॉप्टर लेन्सचं चित्र लहान करून सेन्सरवर टाकतो. ०.७२६ पटीचा असेल तर ५८ एफ/२ची साधारण ४२ मिमी एफ/१.४५ होते आणि दृश्य फुल फ्रेमवरच्या ६३ मिमीएवढं दिसतं. कडा परततात, भोवराही परततो. पण आणखी काचा आल्या की आणखी परावर्तन आलं. उजेडाकडे तोंड असेल तर चित्राच्या मध्यात निळसर डाग येऊ शकतो, आणि कोपरे मूळ लेन्सपेक्षा मऊ होतात. चांगला रिड्यूसर साध्या नळीच्या अनेक पट महाग पडतो, त्यामुळे हातात एकच जुनी लेन्स असेल तर हा खर्च पटत नाही. तीन-चार एम४२ लेन्स असतील तर जरूर विचार करावा. मायक्रो फोर थर्ड्सवर (एपीएस-सीपेक्षाही लहान सेन्सरवर) लेन्स ११६ मिमीसारखी होते. तिथे भोवऱ्याची अपेक्षाच नको.

तीक्ष्णता अपेक्षेपेक्षा बरी आहे. एफ/२ला मध्यभागी तपशील असतो, फक्त त्यावर पातळ साय आल्यासारखी दिसते. कॉन्ट्रास्ट कमी आहे, तपशील नाही. एफ/४ला ती साय निघून जाते, एफ/८ला कोपरेही नीट येतात. आकाशासमोरच्या फांद्यांवर एफ/२ला जांभळी कड येते. रॉ फाइलमध्ये (सेन्सरच्या कच्च्या नोंदीत) ती एका पट्टीने निघते, जेपीईजीमध्ये डाग ठेवून जाते. म्हणून या लेन्ससोबत रॉ वापरणं बरं.

उजेडाकडे तोंड केल्यावर ४४-२ची मर्यादा उघडी पडते. काचांवर एकेरी लेप आहे. सूर्य चौकटीच्या जरा बाहेर असला तरी सगळं चित्र दुधाळ होतं, काळे केस राखाडी होतात. ४९ मिमीचं हूड विकत घ्याच. रबरी चालेल, पण रुंद तोंडाचं नको, ५० मिमीच्या लेन्ससाठीचं खोल हूड घ्या. ते असूनही दुधाळपणा राहिला तर डाव्या हाताच्या पंज्याने लेन्सवर सावली धरून बघा. पुष्कळदा तेवढ्याने चेहऱ्याचा रंग परत येतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात हाच दोष मुद्दाम वापरता येतो, मात्र गडद कपडे आणि गडद पार्श्वभूमी असेल तरच. पांढऱ्या कपड्यांवर नुसता फिकेपणा उरतो.

विकत घेताना मोबाइलची विजेरी खिशात असतेच. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून विजेरी धरा, पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे म्हणजे बुरशी. काचेवर आरशावरच्या वाफेसारखा थर म्हणजे वंगणातून उडालेल्या तेलाचा धुरकटपणा. कडेजवळ इंद्रधनुषी चकती किंवा फुलासारखा डाग दिसला तर चिकटवलेल्या जोडीचा गोंद सुटतोय. बुरशी ताजी असेल तर स्वच्छ होते, मात्र ती फार दिवस राहिली तर लेपावर कायमची नक्षी सोडते. धुरकटपणा बहुधा पुसून निघतो. गोंद सुटलेली लेन्स मात्र घेऊ नका, दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीवर जातो. आतली थोडी धूळ दुर्लक्ष करण्यासारखी. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा फोटोत दिसत नाही, मागच्या काचेवरचा दिसू शकतो.

पात्यांवर तेल दिसलं तर घाबरून लगेच परत देऊ नका. ४४-२च्या पात्यांना स्प्रिंगने झटक्यात मिटायचं नसतं, ती हाताने फिरतात, त्यामुळे तेलाने ती अडत नाहीत. तेच तेल पुढच्या ४४एम-४ सारख्या आपोआप मिटणाऱ्या लेन्समध्ये मात्र पाती अडकवतं. त्या लेन्सला अ‍ॅडॉप्टरही वेगळा लागतो: मागची छोटी पिन दाबून धरणारी आतली कड असलेला. ती नसेल तर रिंग काहीही दाखवो, फोटो एफ/२लाच निघतो. त्यांना पाती सहा, ४४-२ला आठ, म्हणून ४४-२चे मिटलेले ठिपके जास्त गोल.

स्क्रूंची डोकी बघायला विसरू नका. ती खरवडलेली असतील तर लेन्स आधी उघडली गेली आहे. अशा वेळी अनंताची तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑनलाइन घेत असाल तर मागून विजेरी धरलेला फोटो मागा. तो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर दुसरा नग बघा.

जुनं वंगण घट्ट होऊन फोकस रिंग जड होणं हा या लेन्सचा नेहमीचा आजार. त्यात शिवणयंत्राचं तेल किंवा गंज काढायचा फवारा सोडू नका. रिंग दोन दिवस लोण्यासारखी फिरते, मग ते पातळ तेल पात्यांवर आणि काचेवर पसरतं. योग्य उपाय म्हणजे आटे सोडवणं, जुनं वंगण लायटरच्या पेट्रोलने धुणं आणि लेन्सच्या आट्यांसाठीचं खास वंगण पातळ हाताने लावणं. हे स्वतः करायचं असेल तर आटे एकमेकांतून सुटतात ती नेमकी जागा पेन्सिलीने दोन्ही भागांवर खुणावून ठेवा. या आट्यांना सुरुवाती अनेक असतात. चुकीच्या सुरुवातीतून जोडलं तरी रिंग मजेत फिरते, फक्त अनंत हरवतं, आणि मग एकेक जागा आजमावत बसावं लागतं. खूण करायचा धीर नसेल तर कारागिराकडे द्या.

मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्याचे चार महिने बुरशीचे. कातडी पाकिटात लेन्स ठेवू नका, कातडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत निळ्या सिलिका जेलची पिशवी आणि छोटा आर्द्रतामापक पुरतो. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर निळं होईपर्यंत तापवा, गार झाल्यावरच परत ठेवा, आणि तो तवा स्वयंपाकाला वापरू नका. महिन्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा.

निकॉनचा डीएसएलआर असणाऱ्यांसाठी ही लेन्स नाही. एफ माउंटचं अंतर ४६.५ मिमी, म्हणजे एम४२पेक्षाही जास्त. साध्या अ‍ॅडॉप्टरने एक-दोन मीटरपलीकडे फोकस होत नाही आणि काच घातलेल्याने चित्राची धार जाते. त्यांनी निकॉनचीच जुनी हाताने फोकस होणारी ५० मिमी एफ/१.८ बघावी. तिला अ‍ॅडॉप्टरच लागत नाही.